सीटवरचा म्हसोबा

सुभद्राबाईंना किळस यायला फार काही लागत नसे. कपाच्या कडेला चिकटलेली वाळकी साय, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून अंगणात टाकलेली पन्नी, कोणी नाक पुसून त्याच हाताने पुढे केलेला पेढा. पण या सगळ्यांपेक्षा त्यांच्या पोटात ढवळायचं ते एका शब्दाने. ‘भागते.’

बार्शीटाकळीच्या पुढे, काळ्या रानातलं त्यांचं गाव, आणि ते सगळं गावच भागण्यावर चालायचं. दाराची कडी तुटली, सुतळी बांधली, भागते. मोटारीच्या पेटीचं झाकण हरवलं, वर पोतं टाकलं, भागते. त्यांचे यजमान खुशालराव म्हणजे स्वभावाने अगदी गरीब माणूस, पण त्यांच्या चष्म्याची काडी कधीची मोडलेली आणि काळ्या दोऱ्याने गुंडाळलेली. दोऱ्यावर घामाचा मेणचट थर चढला होता. जेवताना सुभद्राबाईंची नजर त्या दोऱ्यावर गेली की हातातला घास हातातच राही.

“अहो, अकोल्याले जाता तर काडी बसवून आना ना.”

“दिसते तं सगळं. भागते.”

या किळसेचं मूळ माहेरात होतं. धामणगाव रेल्वेच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यात, त्यांचे वडील फिटर होते. पट्ट्याजवळ हात घालायचा असला की ते आधी स्टार्टरची मूठ उपसून स्वतःच्या खिशात टाकत आणि मगच वाकत. कधी कधी मूठ खिशातच राही आणि ते तसेच घरी जेवायला येत. मागोमाग जिनातला माणूस धावत यायचा, “मिस्तरी, मूठ द्या, काम थांबलं.” लहानपणी सुभद्राला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांच्या खिशात अशी मूठ असते.

लग्न होऊन सासरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी चुलतसासऱ्यांना पाहिलं. कडबा कापायचं यंत्र धडधडत होतं, आणि तोंडात विडी धरून म्हातारा फिरत्या चाकात बोटाने तेल सोडत होता. सुभद्राबाई भिंतीआड गेल्या आणि भडाभडा ओकल्या. सासूबाईंनी घरोघर साखर वाटली. खरं कारण कळल्यावर त्या महिनाभर सुनेशी धड बोलल्या नाहीत.

तर अशा बाईच्या नावावर गेल्या दसऱ्याच्या तोंडावर नवा ट्रॅक्टर आला. बाईच्या नावावर घेतला की सरकारी सवलत मिळते म्हणून. चालवणार त्यांचा मुलगा किशोर. अकोल्याच्या एजन्सीतून प्रीतम नावाचा मेकॅनिक सगळं समजावून द्यायला आला होता. चकचकीत बूट, कानात एक बारीक बाळी.

“काकू, हे पाहा,” त्याने सीट थोपटली, “याच्या खाली सेन्सर हाये. मानूस बसला की गाडीले समजते. मागचा शाफ्ट फिरून राह्यला, म्हंजे तुमचं मळनीयंत्र चालू हाये, अन् सीटवरून मानूस उठला, तर गाडी सोताहून शाफ्ट बंद करते. इथी पाहा, चित्र लागते.”

समोरच्या पडद्यावर खुर्चीत बसलेल्या माणसाचं चिमुकलं चित्र होतं. प्रीतम उठला तसं ते लाल झालं.

सुभद्राबाईंनी त्याला पुन्हा बसायला लावलं. पुन्हा उठायला लावलं. पहिल्याच नजरेत त्यांना आवडावी अशी वस्तू त्या घराने आजवर पाहिली नव्हती.

“कोनं बनवलं हे?”

“कंपनीनं.”

“कंपनीनं नाई. ज्या मानसाच्या डोक्यातून निंघालं, त्याच्या घरचं कोनीतरी जिनात कामाले असन.”

प्रीतमला काही समजलं नाही. तो हसला.

सोयाबीनचं मळणीयंत्र लागलं त्याच दिवशी ते चित्र किशोरच्या डोळ्यात खुपायला लागलं. पाणी प्यायला उतरला, यंत्र बंद. पोतं सरकवायला उतरला, यंत्र बंद. फोन लागत नाही म्हणून बांधावर गेला, यंत्र बंद. दुपारी तो वैतागला.

“मी काय दिवसभर म्हसोबासारखा बसून राहू इथी?”

“बस की,” सुभद्राबाई म्हणाल्या. “ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टरवर बसाचं, यात कोनतं दुःख हाये?”

“आई, चार हातं कमी पडून राह्यले खाली, अन् मी वरतं मिशा पिळत बसू? लोकं हासतीन.”

तो बांधावर गेला आणि एका गड्याला हाताशी घेऊन काळा, गुळगुळीत, भोपळ्यासारखा बसका दगड उचलून आणला. दोघांनी मिळून तो सीटवर ठेवला. पडद्यावरचं चित्र हिरवं झालं. शाफ्ट फिरायला लागला. गाडीला समजायचं ते वजन. वजनाला डोळे आहेत की नाहीत, हे तिला कोणी विचारायला लावलं नव्हतं.

“भागते,” किशोर म्हणाला आणि हात झटकून खाली उतरला.

सुभद्राबाईंनी तोंड फिरवलं. 

इथवर सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. पुढचं मात्र त्यांनी कल्पनेतही आणलं नव्हतं. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा होती. किशोरने गाडी धुतली, झेंडूचे हार घातले. दगड सीटवर होताच. मळणीच्या बाया ओवाळायला आल्या. कोणाच्या मनात काय आलं देव जाणे, पण आरती होता होता दगडावर शेंदूर लागलेला होता. कोणी लावला हे विचारलं तर प्रत्येक बाई दुसरीकडे पाही. मळणीच्या बायांत पुढे असायची ती जमुना म्हणाली, “म्हसोबा म्हनूनच आनला ना किशोरभाऊनं? मंग उघडा कसा ठेवाचा?”

त्याच आठवड्यात शेजारच्या वावरातल्या मळणीयंत्राचा पट्टा तुटला आणि किशोरचा तुटला नाही. झालं. शेंदरावर शेंदूर चढला. दिवाळीपर्यंत कोणी लिंबू ठेवून जाऊ लागलं, कोणी बोअरला पाणी लागू दे म्हणून नारळ फोडून गेलं. उन्हाने शेंदूर वितळायचा, त्यात डिझेलचा वास मिसळायचा, फोडलेल्या नारळाचं पाणी सीटच्या शिवणीत मुरायचं. त्यावर मुंग्या यायच्या. झेंडूच्या पाकळ्या कुजून काळ्या व्हायच्या आणि स्पंजाला चिकटून बसायच्या. आणि या सगळ्याच्या पुढ्यात तो स्वच्छ पडदा, त्यात हिरवा माणूस, ऐटीत खुर्चीत बसलेला.

रस्त्याने गाडी न्यायची तेव्हा दगड खाली पायाशी ठेवावा लागे. देवाला पाय लागू नये म्हणून किशोर गुडघे आखडून, अर्धाच क्लच दाबून गाडी हाकायचा.

“लेका, कोनाच्या तरी अंगावर घालशीन एखाद्या दिवशी.”

“आई, म्हसोबा हाये ना संगं.”

“त्याचीच भीती वाटते मले.”

दिवाळीनंतर प्रीतम सर्व्हिसिंगला आला. सुभद्राबाई त्याचीच वाट पाहत होत्या. कंपनीचा माणूस. तो चार शब्द सुनावेल, किशोरला लाज वाटेल, दगड जाईल. त्यांनी त्याला चहा दिला, कप दोनदा घासून दिला, आणि म्हणाल्या, “भाऊ, सीट पाहून घे जरा.”

प्रीतमने पाहिलं. बूट काढले. वर चढून दगडाला हात लावला, तोच हात छातीला लावला आणि खाली उतरून पुन्हा बूट चढवले.

“काकू, एक बोलू? गोटा काहून ठेवता एवढा जड? सीट फाटून राह्यली. म्या खालून दोन वायरी जोडून देतो. सेन्सरले वाटन मानूस बसलाच हाये, कायमचा. दिसत बी नाई. सफाईचं काम.”

“तूच सांगितलं होतं ना, उठलं की बंद झालं पायजे?”

“थे सांगाच लागते काकू. आमचं कामच हाये थे.” तो चहात बिस्कीट बुडवत हसला. “तालुक्यात माह्या हातच्या वायरी कितीक गाड्याईले हायेत. कोनाची तक्रार नाई. पन देव बसला असन तं राहू द्या बापा, मी हात लावत नाई.”

बिस्कीट कपात गळून पडलं. त्याने ते बोटाने काढून खाल्लं. सुभद्राबाई उठून आत गेल्या. तो कप त्यांनी नंतर राखेने घासला, आणि तरीही घरात वापरला नाही.

माघात तुरीची मळणी निघाली. तुरीचा धुराळा वाईट. नाकातोंडात जातो, अंग खाजवतं. म्हणून बाया अंगात नवऱ्यांचे जुने सदरे घालतात आणि डोक्यातोंडाला ओढणी गुंडाळतात. जमुनाने हिरवी ओढणी बांधली होती. धुऊन धुऊन विरलेली, लेकीची जुनी.

ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांच्या मधला शाफ्ट उघडा होता. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण सोयाबीनच्या वेळीच तडकलं होतं, किशोरने ते काढून गोठ्यावर टाकलं होतं. भागते म्हणून. शाफ्टखाली शेंगा सांडल्या होत्या. चांगल्या भरल्या शेंगा पायाखाली जाताना जमुनाला बघवलं नाही. ती वाकली.

सुभद्राबाई ताडपत्रीवर बसून तूर पाखडत होत्या. त्यांना आधी दिसला तो हिरवा रंग. ओढणीचं टोक हवेत उडालं, शाफ्टला टेकलं आणि सुरळी होत आत गेलं. जमुनाची मान झटक्यात पुढे आली. मग फर्र आवाज झाला आणि ती मागे पडली, तुरीच्या कुटारात, भुशाच्या ढिगात, बसकण मारल्यासारखी. गळ्याभोवती लाल वळ. अर्धी ओढणी तिच्या हातात, अर्धी शाफ्टवर.

शाफ्ट फिरत होता. किशोर मळणीयंत्राच्या पलीकडे, टोपलं उलटं करत होता. सीटवर दगड होता. पडद्यावरचा माणूस हिरवागार.

सुभद्राबाई कशा धावल्या, कशा चढल्या, त्यांनाच माहीत नाही. त्यांनी चाबी फिरवली. यंत्र घरघरत थांबलं, आणि त्या शांततेत पहिला आवाज आला तो एका बाईचा.

“म्हसोबानं वाचोलं वं माय.”

“हो ना. नाई तं मान गेल्ती.”

किशोर पांढराफटक पडला होता. त्याने दोन्ही हात जोडले. “वाचोलं खरंच. आई, घरात नारय हाये का?”

सुभद्राबाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही बिघाड झाला. “कोनं वाचोलं?”

“म्हसोबानं.”

“अरे, ओढनी जुनी होती म्हनून वाचली थे. नवी असती तं फाटली नसती. तुह्या म्हसोबानंच तं शाफ्ट फिरत ठेवला.”

“आई, असं बोलू नोको. आताच एवढं झालं.”

नारळ आला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर फोडला. पाणी सीटवरून ओघळलं. जमुना उभी राहिली, दोघींच्या आधाराने पुढे आली आणि तिने त्या दगडापुढे डोकं टेकलं. वळ आलेली मान, त्यावर तुरीची कुसं, आणि कपाळाला शेंदराचा ओला गोळा लागलेला. मग तिने हसून खोबऱ्याचा तुकडा सुभद्राबाईंपुढे धरला.

“घ्या काकू. प्रसाद.”

तो तुकडा त्यांनी घेतला. मुठीत धरला, घरी आणला आणि म्हशीपुढे टाकला. रात्री जेवल्या नाहीत. खुशालराव म्हणाले, “कोनाचं काही झालं नाई ना शेवटी? मंग?” त्या त्यांच्या चष्म्याच्या दोऱ्याकडे पाहत राहिल्या.

सकाळी किशोर खळ्यावर गेला तर चाबी जागेवर नव्हती. सुभद्राबाई मागून आल्या. एका हातात पहार, दुसऱ्या हातात रॉकेलचा डबा आणि चिंध्या. चाबी पदराच्या गाठीत.

“आई, चाबी दे. अर्धी तूर पडली हाये.”

“देतो. पहिले गोटा उतरव.”

“मी नाई उतरवत.”

“जमुना, तू?”

जमुनाने मानेचा वळ पदराने झाकला. “काकू, देव हाये थो. त्याले उठोसान तं आमी खळ्यात पाय ठेवत नाई. कालच्यानं तं अजिबात नाई.”

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. आता पाहा, कालपर्यंत ज्यांच्या जिवाची काळजी, आज त्याच समोर उभ्या. सुभद्राबाईंना त्यांचाही राग आला. त्या वर चढल्या. पहारीचं टोक दगडाखाली घातलं. तूर लागल्यापासून दगड हलला नव्हता, शेंदूर एवढा चिकटला होता की सीटचं कातडं ताणलं गेलं. एक हिसका, दुसरा हिसका. दगड सुटला, फूटबोर्डावर आदळला आणि कुटारात जाऊन पडला. खाली बायांच्या तोंडून एकदमच “अगं बाई” निघालं.

कोणी पुढे आलं नाही. सुभद्राबाईंनी एकट्यांनीच तो लोटत लोटत ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापर्यंत नेला आणि चाकाला ओट म्हणून लावला.

“हे गोट्याचं काम. गाडी सरकू द्याची नाई. इथी त्याले किती पूजाचं थे पूजा.”

मग त्या सीटकडे वळल्या. रॉकेलच्या चिंधीने पुसायला घेतलं. लाल-काळा चिखल निघत राहिला. मुंग्या, पाकळ्या, नारळाचा आंबूस वास. तीन चिंध्या झाल्या तरी शिवणीतून बोटाला चिकट लागतच होतं. अंगावर शहारे येत होते. लग्नात आलेल्या ताटाला दुसऱ्याचा हात लागला तर न जेवणारी ही बाई. त्यांनी पातळ सावरलं, डोळे मिटले आणि त्या सीटवर बसल्या. ओल मांडीला लागली.

समोरचा पडदा अजून काळाच होता.

“चाबी घे,” त्या म्हणाल्या. “मी बसतो. मले चालवता येत नाई, पन बसता येते.”

“दिवसभर?”

“तुले लाज वाटत होती ना, मिशा पिळत बसाची? मले मिशा नाईत.”

एक बाई फसकन हसली आणि लगेच गप्प झाली. किशोरने गाडी सुरू केली, आणि पडद्यावर चित्र हिरवं झालं. बाया जरा वेळ बांधावर उभ्या राहिल्या. यंत्राला काही झालं नाही, आकाशाला काही झालं नाही. एक आली, मग दुसरी.

आणि मग सुभद्राबाईंनी जे सुरू केलं त्याने सगळं खळं जेरीस आलं. शाफ्टकडे कोणी चार पावलं सरकलं की त्या उठून उभ्या राहायच्या. यंत्र बंद.

“काय झालं?”

“तो पोट्टा शाफ्टजवळून गेला.”

“आई, नुसता गेला थो.”

“जाऊ दे ना. पलीकडून जाऊ दे.”

बसायच्या. यंत्र सुरू. किशोर सवयीने शाफ्टवरून ओलांडायला पाय टाकायचा. उभ्या राहायच्या. यंत्र बंद.

“आई, अशानं तूर होत नाई संध्याकाळलोक.”

“उद्या होईन.”

“लोकं काय म्हनतीन?”

“इकडून वळसा घाल, मंग विचार लोकायले.”

ऊन चढलं. कंबर धरली. खालची ओल आता उबून वास मारू लागली होती. खुशालराव डबा घेऊन आले. बायकोला ट्रॅक्टरवर पाहून त्यांनी दोरा बांधलेला चष्मा नीट केला, आणि आपल्या पायाखालच्या वाटेकडे बघत बघत, लांबचा वळसा घालून पलीकडे गेले. सुभद्राबाईंनी बसल्या जागी जेवायचं नाकारलं. त्या हातांनी घास घ्यायचा विचारही सहन होत नव्हता.

दुपार कलली तेव्हा जमुना यंत्रापासून लांब उभी राहून त्यांच्याकडे पाहू लागली. मग हाताने खूण केली, उठा. सुभद्राबाई उठल्या. शाफ्ट थांबला. कालची हिरवी चिंधी अजून त्याला घट्ट गुंडाळलेली होती, ग्रीसमध्ये काळी पडलेली. कोणीच काढली नव्हती; तशीच भागत होती.

जमुना विळा घेऊन आली. खाली बसण्याआधी तिने मान वर केली आणि काकू उभ्या आहेत ना ते पाहिलं. चिंधीचा पहिला वेढा कापला, पुन्हा वर पाहिलं. काकू उभ्याच होत्या, एक हात मडगार्डवर, दुसरा पातळ अंगापासून दूर धरलेला. सगळी चिंधी निघेपर्यंत जमुना तशीच मधूनमधून वर बघत राहिली. निघालेला गुंता तिने कुटारात फेकला नाही. मुठीत घेतला, बांधावर जाऊन काडी लावली.

परत आली ती यंत्राच्या लांबच्या बाजूने आली.

“बसा काकू,” ती म्हणाली.

संध्याकाळी तूर उरलीच. किशोर पोती मोजून गेला. बाया विळे उचलून निघाल्या. सुभद्राबाई उतरल्या तेव्हा पाय जड झाले होते आणि पातळाला मागून शेंदराचा मोठा लाल डाग पडला होता. त्यांनी तो बघितला नाही, नुसता अंदाजाने पदर मागे ओढून झाकला. चाबी काढून गाठीत बांधली.

मागच्या चाकाशी त्या थांबल्या. ओट म्हणून लावलेल्या दगडावर ताजं कुंकू होतं. वर एक तुरीची शेंग, भरलेली.

“हे कोनं केलं?”

बाया वाटेला लागल्या होत्या. एकीनेही वळून पाहिलं नाही. जमुनाची पाठ जरा जास्तच ताठ वाटली.

सुभद्राबाईंनी नाक मुरडलं. कुंकू पुसायला हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. गाडी उताराला होती. दगड चाकाखाली पक्का बसला होता. त्यांनी पायाने नाही, पण पहारीच्या टोकाने तो ढोसून पाहिला. हलला नाही. मग त्या घरी गेल्या आणि आधी न्हाणीत शिरल्या. बाहेरून खुशालरावांचा आवाज आला, “उद्या पुन्हा बसतं काय वं तू?”

“उद्या किशोर बसन,” आतून आवाज आला, तांब्यावर तांब्या ओततच. “नाई तं मी हायेच. पहिले मले साबन द्या. दुसरा. हा घरातला नोको.”